सलामी देतो, पण त्यांची झोप कोण विचारणार?



यंदाही १ जानेवारीला आमच्या मासवणहून आणि बोईसरच्या वस्त्यांतून गाड्या भीमा कोरेगावला गेल्या. मीही गेले होते. विजयस्तंभासमोर महार रेजिमेंटचे माजी सैनिक छातीवर पदके लावून, टोपी नीट करून सलामी देतात तेव्हा अंगावर काटा येतो. आयाबाया लेकरांना उचलून दाखवतात, "ते बघ आपले सैनिक." १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्वतः तिथे गेले होते, आणि ती वाट आपण सोडलेली नाही. ती सोडूही नये. पण २ जानेवारीला तोच माणूस आपल्या खोलीवर परत येतो, पदके डब्यात जातात, गणवेश ट्रंकेत जातो आणि रात्री त्याला झोप लागत नाही. हे आरोग्याचे पान आहे, म्हणून आज त्या झोपेबद्दल लिहिते.

मी नर्सिंगचा डिप्लोमा केला, बरीच वर्षे वॉर्डात ड्युटी केली, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. मला सगळे कळते असा माझा समज होता. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत तो खोटा ठरला. मामा आणि मामी दोघांना विचारूनच हे लिहिते आहे. मामा म्हणाले, "लिही बाय, पण रडगाणं करू नको."

आमचे मूळ गाव खेड तालुक्यातले. वडील सूर्या प्रकल्पावर कामाला लागले म्हणून आम्ही मासवणला आलो. मामा १९८४ ला फौजेत भरती झाले, १९८७ ला श्रीलंकेत गेले, नंतर काश्मीरमध्ये राहिले आणि २००८ ला हवालदार म्हणून रिटायर झाले. वय त्रेचाळीस. या वयात बाकीच्यांची नोकरी ऐन भरात असते. मामांनी बोईसरला खोली घेतली आणि तारापूर एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. त्यांनी रात्रपाळी मागून घेतली. बाकीचे गार्ड खूश, कारण रात्रपाळी कोणालाच नको असते. आम्हीही म्हणायचो, मामांना फौजेची सवय, रात्रीचा जागता पहारा त्यांना आवडतो.

आणखी एक गोष्ट होती, जिला आम्ही हसायचो. मामा रस्त्याच्या कच्च्या कडेने कधी चालत नसत. मागून ट्रक हॉर्न वाजवतोय तरी हा माणूस डांबरावरच. लग्नाच्या मांडवात कायम भिंतीला पाठ लावून बसणार. दिवाळीत आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत घरात, दार लावून. लोक म्हणायचे, हवालदार साहेबांना पेन्शनची मस्ती आली, समाजात मिसळत नाहीत.

२०११ च्या सुमारास त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. एकदम घाम, हात गार, वाटायचे की आता जीव जातो. ईसीजी काढला, नॉर्मल. पुन्हा काढला, पुन्हा नॉर्मल. एका दवाखान्यात गॅस सांगितला, दुसऱ्यात बीपी. मीही त्यांच्यासोबत जायचे आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन यायचे. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने, आणि मीही, त्यांना विचारले नाही की मामा, तुम्ही आयुष्यभर काम काय केलेत.

पुढे मला कळले की ही तक्रार फार जुनी आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर डा कोस्टा नावाच्या डॉक्टरने १८७१ मध्ये लिहून ठेवले की सैनिक छातीत धडधड होते म्हणून येतात, पण हृदय तपासावे तर त्यात दोष सापडत नाही. पहिल्या महायुद्धात याला तोफगोळ्यांचा धक्का म्हणू लागले. त्या युद्धात अशा कितीतरी आजारी जवानांना भित्रे ठरवले गेले. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी आवाज उठवल्यावर १९८० मध्ये हा आजार पीटीएसडी या नावाने वैद्यकीय यादीत आला. आपल्या भाषेत सांगायचे तर जबर आघातानंतर मनात घर करून बसलेला ताण. म्हणजे मामा श्रीलंकेत उतरले तेव्हा या आजाराला नाव मिळून सात वर्षे झाली होती, आणि आमच्या दवाखान्यांत ते नाव पोचायला त्यापुढे आणखी तीस वर्षे लागली.

११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला. अनेक जीव गेले. बोईसरच्या लोकांना तो आवाज अजून आठवतो. मामा कामावर निघायच्या तयारीत होते. मामी सांगते, आवाज झाला आणि हे पलंगाखाली. बाहेर लोक धावतायत, आणि हे जमिनीला पोट लावून कुणाला तरी नावाने हाका मारतायत. ते नाव आमच्या घरातल्या कुणाचेच नव्हते. त्यानंतर दारू वाढली. आधी कॅन्टीनची रम, तीही मोजून. आता मिळेल ती.

मग मार्चमध्ये लॉकडाऊन आला आणि दारूची दुकाने एकदम बंद झाली. तिसऱ्या दिवशी मामांचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, भिंतीवर माणसे दिसायला लागली आणि रात्री फिट आली. घरच्यांना वाटले कोरोना. मी फोनवर ऐकले आणि पहिल्यांदा माझे नर्सिंग जागे झाले. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका झटक्यात तुटली की असे होते, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. अॅडमिट केले. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी, पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या, चौथ्या दिवशी मामांच्या खाटेजवळ उभे राहून साधा प्रश्न विचारला, "काका, झोपेत काय दिसतं?" मामा पाच मिनिटे काही बोलले नाहीत. मग बोलायला लागले ते थांबेचनात.

ते काय बोलले ते इथे लिहीत नाही, ते त्यांचे आहे. एवढेच सांगते की श्रीलंकेत कच्च्या रस्त्याच्या कडेला सुरुंग पेरलेले असत, आणि ज्या नावाने ते हाका मारत होते तो आमच्याच खेड तालुक्यातला मुलगा होता. तेहतीस वर्षे हा माणूस डांबरावरून चालत होता आणि आम्ही हसत होतो.

श्रीलंकेत आपली शांतिसेना १९८७ च्या जुलैपासून १९९० च्या मार्चपर्यंत होती. तिथे सुमारे बाराशे जवान गेले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथेच शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे आपल्या वक्त्यांना पाठ असते. जे परत आले त्यांच्याबद्दल भाषणात एक ओळ नसते. जो परत आला तो वाचला, एवढ्यावर आपला हिशेब संपतो.

आता मामीबद्दल. एकदा रात्री मामा ओरडत उठले म्हणून मामीने त्यांना हलवून जागे केले. झोपेतच त्यांनी तिचा हात असा पिरगाळला की मनगटाला प्लास्टर घालावे लागले. दवाखान्यात तिने मोरीत घसरले म्हणून सांगितले. तेव्हापासून नऊ वर्षे, सुट्टीच्या रात्री मामा घरी असले की, मामी स्वयंपाकघरात झोपायची. मी दर महिन्याला त्यांच्याकडे जात होते. महिला मंडळात मी स्त्रियांच्या आरोग्यावर व्याख्याने देत होते. नऊ वर्षे!

या आजाराची ओळख सांगते, कारण घरातल्या बाईलाच तो आधी दिसतो. घडून गेलेला प्रसंग पुन्हा समोर घडतो आहे असे वाटणे, दिवसाही किंवा स्वप्नातही. त्याची आठवण करून देणारी माणसे, जागा, आवाज, वास टाळणे. कशातच जीव न रमणे, माया आटल्यासारखी वागणूक, "मी वाचलो आणि तो गेला" हा अपराध मनात धरून बसणे. सतत सावध राहणे, साध्या आवाजाला दचकणे, चटकन राग, झोप नाही. हे महिन्यापेक्षा जास्त चालले आणि घर, काम, नाती त्यात बिघडायला लागली तर तपासून घ्यायलाच हवे. कधी कधी आजार घटनेनंतर कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी वर येतो. नोकरीत असेपर्यंत शिस्त, सोबती, कामाचा रेटा यांनी माणूस धरून ठेवलेला असतो. ते सुटले की मग सुटते.

फौजेतून आलेला प्रत्येक जण आजारी असतो असे मुळीच नाही. बहुतेक जण ठीक परततात, घर उभे करतात, विहार बांधतात, पोरांना शिकवतात. आपल्याकडे सगळ्यात आधी शिकलेली घरे कोणती होती ते आठवा. पेन्शनरांची. रामजी सकपाळ सुभेदार होते, फौजेच्या शाळेत शिकवत होते. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन आले आणि लिहू लागले, अर्ज करू लागले. दापोलीच्या कॅम्पात ही निवृत्त मंडळी शेजारी शेजारी राहत होती. मला राहून राहून वाटते की त्यांच्यातही कुणी रात्री ओरडत उठत असेल. पण भिंतीपलीकडे त्याच पलटणीतला माणूस होता, त्याला सांगावे लागत नव्हते. आज आमचा हवालदार बोईसरच्या चाळीत एकटा. शेजारी बिहारचा कामगार, वर गुजरातचा व्यापारी, गेटवर पंचवीस वर्षांचा सुपरवायझर, जो "ए वॉचमन" म्हणून हाक मारतो. ज्याने चोवीस वर्षे हुद्द्याने हाक ऐकली त्याला ही हाक रोज ऐकावी लागते. जातीचे काय सांगू, गावी गेले की पद कुठल्या कुठे जाते आणि आडनावच उरते. मामा म्हणतात, श्रीलंकेपेक्षा गेट जड गेले. मी याला आजारातला एक भाग मानते. गोळ्यांच्या चिठ्ठीवर तो येत नाही, म्हणून डॉक्टर त्याकडे पाहत नाहीत.

आपण समाज म्हणून गप्प का, याचे कारणही मला माहीत आहे. ही नोकरी आपल्याला सहज मिळालेली नाही. कोरेगावला ज्यांनी रक्त सांडले त्यांच्याच वारसांना इंग्रजांनी पुढे, १८९० च्या दशकात, भरतीतून बाहेर काढले. त्याविरुद्ध अर्ज झाले, निवेदने झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ ला महारांची पलटण उभी केली आणि १९२१ ला गरज संपल्यावर मोडली. १९४१ ला बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, तेव्हा ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. इतके भांडून मिळवलेल्या भाकरीला नाव कसे ठेवायचे? त्यात शौर्य हीच आपली ओळख सांगितली गेली. मग शूर माणसाचे हात थरथरतात हे वस्तीत कसे सांगायचे? म्हणून आपण त्याला "दारुड्या" म्हणतो. दारुड्या म्हटले की सगळे सोपे होते, दोष त्याचा, शरम बायकोची. माझे स्पष्ट मत आहे की हा सैनिकाचा अपमान आहे, आणि तो बाहेरच्यांनी नाही, आपण केलेला आहे.

फौजेतही लपवतात. जवानाची तब्येत ठरवताना "शेप" म्हणून पाच गोष्टी पाहतात, त्यातली पहिली मनाची अवस्था असते, मग कान, हातपाय, शारीरिक ताकद, डोळे. मनाच्या खान्यात खालची श्रेणी लागली तर बढती अडकते, हे प्रत्येक जवानाला माहीत असते. मग कोण सांगणार की मला झोप येत नाही? २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचा एक अभ्यास बाहेर आला. निम्म्याहून जास्त जवान तीव्र ताणाखाली दिसतात असे त्यात म्हटले होते. लष्कराने तो मान्य केला नाही आणि संस्थेच्या संकेतस्थळावरून तो काढला गेला. आकडा बरोबर की चूक यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. पण प्रश्न काढून टाकल्याने मामीला स्वयंपाकघरातून बाहेर झोपायला मिळत नाही.

माझे वाचक फौजेत नोकरीला असतील, किंवा त्यांची मुले असतील, तर त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. नोकरी सोडताना जी शेवटची वैद्यकीय तपासणी होते तिच्यात झोप, भीती, धडधड जे असेल ते सांगा आणि लिहून घ्या. मामांनी "सब ठीक है" सांगितले आणि त्यांच्या कागदावर तंदुरुस्त असा शिक्का आहे. आता तो शिक्का त्यांच्या आड येतो. आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला असे ठरले तर अपंगत्व पेन्शन मिळू शकते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग या जवानाच्या खटल्यात सांगितले की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर नंतर झालेला आजार नोकरीमुळेच झाला असे धरून चालावे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. सप्टेंबर २०२३ मध्ये याबाबत नवे नियम आले आहेत, त्यामुळे कुणाला कोणता नियम लागतो हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारूनच अर्ज करा. नाकारले गेले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. अर्ज करणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

उपचाराचे सांगते. मामांना नैराश्य आणि पीटीएसडीवर चालणारी गोळी रोज सुरू केली. ती झोपेची गोळी नाही, तिची सवय लागत नाही, पण गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरा दिवसांत मळमळते, झोप आणखी बिघडल्यासारखी वाटते, आणि तिथेच आपली माणसे गोळी सोडतात. मामांनीही सोडली होती. मामीने पुन्हा सुरू करायला लावली. बरे वाटल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. गोळीबरोबर समुपदेशन, म्हणजे शिकलेल्या माणसासमोर दर आठवड्याला बसून त्या प्रसंगाबद्दल थोडे थोडे बोलणे. पहिल्यांदा ते फार जड जाते. पण ज्या आठवणीला माणूस तीस वर्षे पाठ फिरवून पळत असतो तिच्याकडे सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा पाहिले की तिचा जोर उतरतो. या आजारावर सगळ्यात भरवशाचा उपाय हाच मानला जातो. मामांना सात महिने लागले. कुणाला तीन लागतील, कुणाला दोन वर्षे.

दारूचे वेगळे. बायांनो, घरातला माणूस रोज पीत असेल तर देवळात, विहारात, कुणाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घालून एकदम दारू तोडायला लावू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांसह सोडवा. झोपेच्या गोळ्या दारूबरोबर तर कधीच नाही, श्वास थांबतो. आणि कॅन्टीनच्या बाटलीसाठी माजी सैनिकाच्या घरी चकरा मारणारे पाहुणे वस्तीत कमी नाहीत, त्यांनाही हे वाचून दाखवा.

आता थोडे अवघड बोलते, रागवू नका. मामांचा आजार कळल्यावर विहारातल्या चार ज्येष्ठांनी सांगितले, इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला पाठवा, सगळे निघून जाईल. विपश्यनेबद्दल मला आदर आहे. पण ज्याच्या मनात सुरुंग फुटतोय त्याला दहा दिवस मौन देऊन स्वतःच्याच आत बसवले तर त्रास वाढू शकतो. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारलेले असते, ते उगीच नाही. तिथे खरे लिहा, आणि आधी डॉक्टरांना विचारा. तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला सांगितले आहे. मामांच्या बाबतीत कारण एका रस्त्यावर होते आणि ते तिथपर्यंत एका डॉक्टरीणबाईच्या प्रश्नाने पोचले. ध्यान नंतर आले. आता ते रोज सकाळी पंधरा मिनिटे बसतात आणि त्यांना बरे वाटते.

जायचे कुठे? देशभरच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दिसले की वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापर्यंत पोचतच नाहीत. पालघर जिल्ह्यात राहून याचे नवल वाटत नाही. जिल्हा २०१४ ला झाला, पण मनाच्या आजारासाठी आम्हाला अजूनही ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा रस्ता सांगतात. मासवणच्या माणसाने एसटीने पालघर गाठायचे, लोकलने दादर, पुन्हा दुसऱ्या लाइनने ठाणे, आणि ओपीडीची वेळ सकाळची. गार्डची एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार. म्हणून पहिली पायरी फोन. सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येते. नाव सांगायची सक्ती नाही. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी याच सेवेचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत प्रयोग म्हणून सुरू झाला. दुसरी पायरी, सरकारी रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आशाताईला विचारा. तिला माहीत नसेल तर तिला ते शोधायला लावा. ज्यांच्याकडे माजी सैनिकांचे ईसीएचएस कार्ड आहे त्यांना त्यावर मानसोपचारही मिळतात. ते कार्ड फक्त मोतीबिंदू आणि बायपाससाठी नाही. गंभीर असेल तर कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात पाठवा असे पॉलिक्लिनिकमध्ये आग्रहाने सांगा.

एक गोष्ट रात्री उशाशी असू द्या. माणूस स्वप्नात ओरडत असेल तर अंगाला हात लावून उठवू नका. दिवा लावा, दूर उभे राहून नावाने हाक मारा, "हे बोईसर आहे, तुम्ही घरी आहात" असे शांतपणे सांगा. हे मामी स्वतःच शिकली, मी तिला शिकवलेले नाही.

आणि तो "आता जगून काय करायचे" असे म्हणाला तर विषय बदलू नका. "मरावेसे वाटते का?" असे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरात शेतीची फवारणी असेल तर ती दुसऱ्याच्या घरी जाऊ द्या. आपले बरेच माजी सैनिक बँकेत, एटीएमवर परवान्याच्या बंदुकीने ड्युटी करतात. असे काही असेल तर बंदूक काही काळ घरात राहू नये, परवाना देणाऱ्या ठाण्यात ती जमा करता येते का ते विचारा, आणि कंपनीला सांगून बंदुकीविना ड्युटी घ्या. पोलिसांची भीती बाळगून जखमी माणसाला घरात लपवून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते, त्याच्यावर खटला भरण्याऐवजी त्याची काळजी घेणे सरकारवर बंधनकारक आहे. रुग्णालयात न्या, उशीर करू नका.

जयंती मंडळांना माझी एक विनंती आहे, आणि ती मी आमच्या मंडळाच्या पहिल्या बैठकीतही मांडणार आहे. १४ एप्रिलला फटाक्यांची माळ कुठल्या गल्लीत, किती वाजता लागणार हे आधी सांगा. डीजे कुणाच्या दारासमोर अर्धा तास थांबवू नका. मंडळातली पोरे म्हणतील, एका माणसासाठी? एक नाही, आमच्या चार वस्त्यांत मी मोजले तर माजी सैनिकांची अकरा घरे निघाली. त्यातल्या पाच जणांना मामांनी स्वतः जाऊन गाठले. आता दर रविवारी सकाळी हे सहा जण विहाराच्या ओट्यावर चहा पितात. मी एकदा डोकावले तर फौजेतल्या डाळीवरून भांडत होते. आजाराचे नाव कुणी काढले नाही. पण एक जण दोन रविवार आला नाही तर बाकीचे त्याच्या दारात जाऊन उभे राहतात.

घाई मला वेगळ्याच कारणाने आहे. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. पहिली मुले २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांनी योजनेप्रमाणे जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले कायम होतील, बाकीची घरी येतील. हाती सेवा निधीचे सुमारे पावणेबारा लाख, पण पेन्शन नाही, ईसीएचएस कार्ड नाही, माजी सैनिक म्हणून दर्जा नाही. मामांकडे निदान पेन्शन होती आणि कार्ड होते, तरी आम्हाला बारा वर्षे लागली. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा सीमेवरून येऊन वस्तीत बसेल, झोपणार नाही, त्याचे काय? त्या मुलांना मानसिक उपचारांचे कार्ड मिळालेच पाहिजे ही मागणी आपल्या संघटनांनी आत्ताच, ती परतण्याआधी, लावून धरायला हवी. आरक्षणाच्या निवेदनात या मागणीला एक ओळ तरी द्या.

आमच्या गल्लीतल्या एका अग्निवीराची आई परवा रेशनच्या रांगेत भेटली. मुलगा वर्षअखेरीला येणार. तिने विचारले, "ताई, आल्या आल्या लग्न लावून टाकू का, म्हणजे मार्गी लागेल?" मी म्हटले, एवढ्यात नको. महिनाभर त्याला घरचे जेवू दे, झोपू दे. झोपतो का ते बघ. रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर पाठव, मामांना मी सांगून ठेवते.